पगारावरचे पितर

फेडरल सरकार दाराशी आलं तेव्हा शैला साबुदाणा भिजत घालत होती आणि मी शेजारी बसून पाणी जास्त झालंय असं तिला सांगत होतो. शैला माझी मेहुणी, कुमुदची धाकटी बहीण. कुमुद गेल्यावर "भावजी, एकटे काय करताय सोलापुरात, या इकडे," असं तिनं म्हटलं आणि मी न्यू जर्सीत, एडिसनला, तिच्या घरी येऊन राहिलो होतो. आयुष्यभर वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिल्यामुळं मला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. म्हणून मी सल्ले देत असे.

दारात दोघं होती. एक पन्नाशीच्या बाई, आखूड पांढरे केस, नाव नोवाक. दुसरा एक उंच तरुण. त्यालाही नाव असणार, पण त्यानं ते आम्हाला दिलं नाही. बाईंनी ओळखपत्र दाखवलं, आत आल्या, हातातला कागद वर केला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं,

"हरी फॅन्सलकर इथं राहतात का?"

शैलानं ओले हात टॉवेलला पुसले. "हो," ती म्हणाली. "म्हणजे... ते भिंतीवर आहेत."

नोवाकबाईंनी भिंतीकडं पाहिलं. फणसळकरांच्या घरात दक्षिणेच्या भिंतीवर सगळे गेलेले लोक ओळीनं टांगलेले होते. हरीपंत दुसरे. डोक्याला पगडी, डोळ्यांत फोटोग्राफरविषयी संशय.

"गोविंद फॅन्सलकर?"

"त्यांच्या शेजारी. माझे सासरे."

"यशोदा?"

"खाली. हार सुकलाय तो."

बाई कागदावरून भिंतीकडं आणि भिंतीवरून कागदाकडं बघत पुढं जात राहिल्या. आवाज जरासुद्धा चढला नाही. शाळेत हजेरी घ्यावी तशी त्यांनी आमच्या साडूंच्या तीन पिढ्यांची हजेरी घेतली आणि सगळे हजर निघाले.

"श्रीपाद फॅन्सलकर?"

"ते किचनवर गेलेत. येतीलच आता."

"ते मालक. इथं एक श्रीपाद भांडी घासायला आहेत."

"ते पणजे सासरे," शैला म्हणाली. "त्यांचंच नाव ह्यांना ठेवलंय."

"म्हणजे एका माणसाची दोन नावं?"

"नाही हो," मी मध्ये पडलो, "दोन माणसांचं एक नाव." तरुणानं काहीतरी लिहून घेतलं. त्यानं 'खोटं नाव धारण करणे' असं लिहिलं होतं, हे पुढं वकिलाकडून कळलं.

"आणि मोरेश्वर फॅन्सलकर?"

शैला भिंतीकडं वळली. ओळीच्या शेवटी एक खिळा ठोकलेला होता आणि त्यावर काही नव्हतं. ती त्या खिळ्याकडं बघत राहिली. एवढ्यात मागच्या दारानं श्रीपादराव आत आले. त्यांनी पाहुणे पाहिले, कागद पाहिला, आणि चप्पल न काढता तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले. त्या घरात त्यांना चपलेसकट उभं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मी वकिलाशिवाय बोलणार नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी पाठ केलेलं होतं. म्हणजे ते वाट बघत होते.

पाहुणे गेल्यावर शैलानं साबुदाण्यातलं जास्तीचं पाणी ओतून टाकलं आणि आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. श्रीपादराव नेहमीची खुर्ची सोडून भिंतीकडं पाठ होईल अशा खुर्चीवर बसले.

"बापू," ते मला म्हणाले, "हसायचं नाही."

"मी निवृत्त झालोय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा धंदा मराठी लग्नामुंजींची जेवणं करून देण्याचा. भाड्याचं एक मोठं किचन, एक व्हॅन, आणि मोसमात पोळ्या लाटायला येणाऱ्या आसपासच्या बायका. करोना आला, हॉल बंद झाले, लग्नं संगणकावर लागायला लागली आणि संगणकाला जेवण लागत नाही. किचनचं भाडं मात्र चालू. तेव्हा सरकारनं धंदेवाल्यांसाठी कर्जाची योजना काढली होती. माणसांचे पगार चालू ठेवा, मग कर्ज माफ. इथल्या मराठी मंडळातले बेहेरे म्हणून कर सल्लागार होते, ते म्हणाले, माणसं दाखवा, बाकीचं मी बघतो.

"माणसं होती की तुमच्याकडं," मी म्हटलं. "पोळ्यावाल्या."

"त्या नावं देईनात. एकीचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, दुसरीच्या सुनेला सासू पोळ्या लाटते हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. जिवंत माणूस नाव द्यायला घाबरतो, बापू." ते थांबले. "बेहेरे फोनवर होता. म्हणाला, बोला पटापट, मी टाइप करतो. नावं बोला म्हटल्यावर माझ्या तोंडात ओळीनं जी नावं येतात, तीच आली."

"कुठली?"

"तर्पणाची."

मी निवृत्त झालो होतो हे खरं. पण माझ्या तोंडाला ते कळवलेलं नसावं. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग आईच्या माहेरचे, काका, मामा. दर पितृपक्षात दक्षिणेकडं तोंड करून, ओंजळीतून पाणी सोडत हा माणूस लहानपणापासून ज्या क्रमानं नावं घेत आला, त्याच क्रमानं त्यानं ती अमेरिकन सरकारला दिली होती. आणि प्रत्येकाला काम वाटून दिलं होतं. चिपळूणच्या बाहेर कधी न गेलेले हरीपंत डिलिव्हरीला. यशोदाबाई पोळ्यांवर.

"पणजोबांना भांडी?" मी विचारलं.

"बाकीची कामं संपली होती."

"कुमुदचं नाव नाही ना घातलंत?"

"मनात आलं होतं. पण तिला स्वयंपाक कुठं येत होता?"

शैला हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मला मात्र थोडा रागच आला. इतके लोक कामाला घेतले, आणि माझ्या बायकोला नाही.

"आणि मोरेश्वर?" मी विचारलं. "त्यांचा फोटो का नाही लावलेला?"

श्रीपादराव उठले आणि हात धुवायला गेले. जेवण अजून व्हायचं होतं.

मोरेश्वर म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, दादा. चिपळूणला असत. शैलाच्या लग्नात मी त्यांना पाहिलं होतं. मोठ्या हातांचा, कमी बोलणारा माणूस. धाकट्या भावानं मागितलं म्हणून स्वतःच्या अंगावरची शेरवानी काढून त्याला देणारा. दुसऱ्या लाटेत गेले. श्रीपादरावांना जाता आलं नाही, कुणालाच जाता येत नव्हतं. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला, त्यातही मध्येच चित्र अडकलं.

वकील कॅलहन नावाचे होते. गोल चेहरा, लाल टाय, आणि दुःखद बातमीसुद्धा जेवणाच्या यादीसारखी वाचण्याची हातोटी. त्यांनी सांगितलं की बेहेऱ्यांनी आपला जबाब आधीच देऊन टाकलेला आहे, आणि त्यात सगळी कल्पना श्रीपादरावांची होती.

"पैसे परत केलेच पाहिजेत. व्हॅन विकताय ते उत्तम. प्रश्न तुरुंगाचा आहे," कॅलहन म्हणाले. "मेलेली माणसं नोकर म्हणून दाखवणं, हे न्यायाधीशांना आवडत नाही." मग ते पुढं झुकले आणि पहिल्यांदाच खुशीत दिसले. "पण एक माणूस जिवंत सापडलाय. मोरेश्वर. कर्जाचा अर्ज केला तेव्हा हा माणूस जिवंत होता. तो काय करायचा?"

"मसाला पाठवायचे," शैला लगेच म्हणाली. "गोडा मसाला. आमची सगळी आमटी त्यांच्या मसाल्यावर. आणि दोनशे माणसांना किती डाळ लागेल ते फोनवर तेच सांगायचे."

"त्याला पैसे जायचे?"

"दर महिन्याला."

"मग नोकरच की!"

"भाऊ होता तो," श्रीपादराव म्हणाले.

"अमेरिकेत भाऊ नोकर असू शकतो," कॅलहन म्हणाले. "हे बघा, तो भारतात होता, तेव्हा कायद्यात बसत नाही. पण मनात निव्वळ लबाडी नव्हती, एवढं दिसेल. कामाची माणसं आणि घरची माणसं यांत तुमचा घोटाळा झाला, असं म्हणता येईल. तुम्ही अडुसष्ट वर्षांचे, साखर आहे, आधीचा गुन्हा नाही. तुरुंगाऐवजी घरी, देखरेखीखाली. पण हे तुमच्या तोंडून आलं पाहिजे, आणि खरं असलं पाहिजे. तो तुमच्याकडं काम करत होता का?"

श्रीपादराव उठले आणि दाराकडं निघाले.

"करत होते!" गाडीत शैला म्हणाली. "भावजी, तुम्ही सांगा ह्यांना. यात खोटं काय आहे? मसाला खरा होता, पैसे खरे होते. एक 'हो' म्हणायचं. मी एकटी काय करू इथं? मला गाडीसुद्धा धड चालवता येत नाही." हे खरं होतं, ती चालवतच होती.



त्या आठवड्यात घर बदललं. कशानं, ते सांगणं कठीण. माझा भुतांवर विश्वास नाही. सदरात मी त्यांची यथेच्छ टिंगल केलेली आहे. पण ज्या माणसांना पगार लागू झाला होता ती आता नुसती भिंतीवर राहायला तयार नव्हती. दुपारी भांडी घासताना शैला सहज मागं वळून बघायची. दाराची बेल वाजली की मला वाटायचं हरीपंत डिलिव्हरीहून आले. एकदा मी श्रीपादरावांना हॉलमध्ये उभं पाहिलं. ते एकेका फोटोकडं बघत पुढं सरकत होते आणि शेवटी रिकाम्या खिळ्यापाशी आले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तसेच चाचपडत खोलीत गेले.

"दादा गेल्यापासून ह्यांनी पितृपक्ष केलेला नाही," शैलानं मला स्वयंपाकघरात सांगितलं. "आधी एक वर्ष चुकवलं नाही. ताप असला तरी. आता विषय काढला की उठून जातात. आणि हे बघा." तिनं फ्रीझरचं दार उघडलं. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं एक पुडकं होतं. "दादांनी पाठवलेला शेवटचा मसाला. उघडू देत नाहीत. टाकूही देत नाहीत. मी भारतीय दुकानातला आणते आणि आमटीला चव नाही म्हणून गिऱ्हाइकं बोलतात."

"भावाची आठवण," मी म्हटलं.

"आठवण असती तर फोटो लावला असता," शैला म्हणाली.

जबाबाची तारीख आली. नेवार्कची सरकारी इमारत, आठवा मजला, खिडकीतून दिसणारा पार्किंगचा तळ. कॅलहननी मला बरोबर घेण्याची परवानगी काढली होती, कारण आमच्या नावांचा गुंता त्यांना सुटत नव्हता. बापाचं नाव मध्ये का, नातवाला आजोबाचं नाव का, बाईचं लग्नानंतर पहिलं नावही का बदललं. मी उलगडा करणार, आणि गरज पडली तर भाषांतर. शैला खाली गाडीत बसली. निघताना तिनं नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि एवढंच म्हणाली, "हो म्हणा."

खोलीत नोवाकबाई, तो बिनानावाचा तरुण, आणि टेबलावर पाण्याचे ग्लास. बाईंनी चष्मा लावला.

"मी एकेक नाव वाचते. तुम्ही सांगा, कोण आणि कधी वारले."

"ठीक आहे," श्रीपादराव म्हणाले.

"गोविंद हरी फॅन्सलकर."

"माझे वडील."

"हरी श्रीपाद फॅन्सलकर."

"आजोबा."

"श्रीपाद बल्लाळ फॅन्सलकर."

"पणजोबा."

उच्चार भयंकर होते, पण क्रम बरोबर होता. आधी माझ्या लक्षात आलं नाही. श्रीपादरावांचा उजवा हात टेबलावर उताणा होता, तळवा किंचित खोलगट. बाई नाव घेत आणि तो हात अंगठ्याच्या बाजूनं कलत असे. जरासा. मग सरळ होई. पुढचं नाव, पुन्हा कले. कॅलहनना वाटलं वयामुळं थरथरतोय. त्यांनी काळजीनं पाण्याचा ग्लास जवळ सरकवला.

"यशोदा."

"आई."

हात कलला. आता मला ते बघवेना आणि नजरही काढता येईना. आठव्या मजल्यावर एक अमेरिकन बाई चष्मा लावून फणसळकरांच्या पितरांना पाचारण करत होती आणि माझा साडू कोरड्या हातानं त्यांना पाणी देत होता. आजी झाली, पणजी झाली, आईचे वडील झाले. काका. मामा.

"मोरेश्वर गोविंद फॅन्सलकर."

हात मिटला.

कॅलहननी खुर्ची पुढं घेतली. "या माणसाबद्दल माझे अशील काही सांगू इच्छितात," ते म्हणाले.

"हे अर्जाच्या वेळी हयात होते," नोवाकबाई कागदात बघत म्हणाल्या. "ते तुमच्याकडं काम करत होते का?"

सगळं तिथंच होतं. एक 'हो'. कॅलहन श्रीपादरावांकडं बघत होते, मी बघत होतो, आणि खाली गाडीत शैला.

"नाव परत एकदा घ्या," श्रीपादराव म्हणाले.

बाईंनी चष्मा नीट केला. मग त्यांनी प्रयत्नपूर्वक, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "मो-रे-श्वर. गो-विंद."

श्रीपादरावांनी डाव्या हातानं ग्लास उचलला, उजव्या तळव्यात पाणी घेतलं आणि अंगठ्याच्या बाजूनं सोडलं. पाणी टेबलावरून बाईंच्या कागदांकडं निघालं. तरुण उठायला लागला. बाईंनी त्याच्याकडं न बघता हात वर केला, आपले कागद उचलून मांडीवर घेतले आणि पाणी वाहू दिलं.

मग श्रीपादराव बोलायला लागले. मराठीत, आणि माझ्याकडं बघून.

"बापू, सांगा त्यांना. तो माझ्याकडं कामाला नव्हता. मामापर्यंत आलो आणि बेहेरे म्हणाला अजून एक नाव हवं. तर्पणात मामानंतर भाऊ येतो. पण माझा भाऊ जिवंत होता ना. दरवर्षी ती जागा मी सोडून पुढं जायचो. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. दादाचा. 'बरा आहेस ना, बाहेर पडू नकोस,' म्हणून. मी त्याला म्हटलं, थांब, कामात आहे. आणि बेहेऱ्याला त्याचं नाव सांगितलं." ओला हात ते शर्टाला पुसत होते, परत परत. "मेलेल्यांच्या ओळीत, भावाच्या जागी, मी जिवंत भाऊ बसवला. आणि दादानं माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही, बापू. मी मागितलं आणि त्यानं दिलं नाही, असं एकदाही झालं नाही. मी बोलावलं. तो गेला."

सगळे आता माझ्याकडं बघत होते. कॅलहनना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्यांचा चेहरा आशेनं चमकत होता. मी एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं, 'ते म्हणतात, भाऊ मसाला करायचा.' खोलीत मला पकडणारं कुणी नव्हतं. शब्द फिरवून बोलण्यावर मी आयुष्यभर पोट भरलं होतं.

मी श्रीपादरावांकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटलेले नव्हते.

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटच्या वाक्यांना मला इंग्रजी पुरेना, तेव्हा सरळ शब्दांत सांगितली. कॅलहननी पेनाचं टोपण लावलं.

नोवाकबाईंनी मांडीवरचे कागद सरळ केले. मग त्यांनी विचारलं, "यात अजून कुणी जिवंत आहे का?"

"नाही," श्रीपादराव म्हणाले.

"मग झालं," बाई म्हणाल्या, आणि आपल्या खिशातला रुमाल काढून त्यांनी टेबलाची कड पुसली.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. त्यांना तुरुंगवास झाला. फार लांबचा नाही, पण झाला. शैला हायवेवर गाडी चालवायला शिकली, कारण तो तुरुंग हायवेपलीकडं होता. आता श्रीपादरावही भिंतीवरच्या ओळीत जाऊन बसलेत, मी सोलापूरला परतलोय आणि शैला मला दर रविवारी फोन करते. मला आठवतो तो मात्र जबाबाचाच दिवस, त्याची दुपार.

आम्ही गाडीशी आलो तेव्हा शैलानं आमचे चेहरे पाहिले आणि गाडी सुरू केली. श्रीपादराव दारात चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेले.

"आमटी कर," ते म्हणाले. "दादाचा मसाला काढ."

शैला त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं फ्रीझर उघडला. सुतळीची गाठ सुटेना. चिपळूणच्या मोठ्या हातांनी मारलेली होती. श्रीपादरावांनी कात्री घेऊ दिली नाही. टेबलाशी बसून त्यांनी ती नखांनी सोडवली, सुतळीची गुंडाळी करून खिशात ठेवली आणि पुडकं तिच्या हातात दिलं.

आमटी उकळली. शैलानं मसाला घातला, जरा थांबली, अजून थोडा घातला. मी नाक पुढं केलं. इतकी वर्षं बर्फात राहून मसाल्याचा वास पार गेलेला होता. तांबूस भुकटी होती, दुसरं काही नाही.

श्रीपादराव आज आपल्या जुन्या खुर्चीवर, भिंतीकडं तोंड करून बसले होते. त्यांनी वाटी तोंडाला लावली. शैला पळी हातात धरून उभी.

"येतोय ना वास अजून?" तिनं विचारलं.

"येतोय," ते म्हणाले, आणि वाटी पुढं केली.

"येतोय," मीही म्हणालो.

त्या दिवसातलं आमचं तेवढंच खोटं, आणि ते कुणी लिहून घेतलं नाही.